पाठीला आलेले पोक : आधी प्रकार ओळखावा, मग उपचार करावा

मानेखालच्या मणक्यांना मागच्या बाजूला थोडा बाक असणे नैसर्गिक आहे. उभे राहून बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये तो साधारण २० ते ४० अंश भरतो. तो ५० अंशांच्या पुढे गेला, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

मुलाला जमिनीवर पालथे झोपवून, हात अंगालगत ठेवून, छाती उचलायला सांगावे आणि बाजूने पाहावे. पोक सरळ झाले तर ते बहुधा बसण्याच्या सवयीचे असते. उंचवटा ताठच राहिला, तर मणके पाचरीच्या आकाराचे झाल्याची शक्यता असते आणि मग ‘ताठ बस’ म्हणून रागावण्यात अर्थ नसतो. अशा वाढत्या वयाच्या मुलाला अस्थिरोगतज्ज्ञ ब्रेस, म्हणजे पाठीला आधार देणारा कडक पट्टा, सुचवतात. वाढ थांबल्यावर ब्रेसने बाक कमी होत नाही. बाक साधारण ७५ अंशांहून अधिक असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

सवयीच्या पोकावर व्यायाम हाच उपाय आहे. हुपरीत चांदीकाम करणाऱ्यांनी किंवा कोल्हापुरी चपला शिवणाऱ्यांनी काम डोळ्यांच्या जवळ येईल इतके उंच घ्यावे आणि अधूनमधून उठावे. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी ठेवून काही मिनिटे उताणे पडावे. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती ताणावी. तालमीत जाणाऱ्या पोरांनी नुसते दंड मारण्यावर भर न देता मागे ओढण्याचे व्यायामही करावेत, कारण दंड मारून छाती भरते, पाठ मागे राहते.

वयस्कर स्त्रियांचे पोक मात्र अनेकदा ठिसूळ झालेला मणका चेपल्याने येते. उंची घटली असेल, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे सुरू करावीत आणि पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने टाळावीत. अशी पाठ कोणाकडूनही तुडवून वा ‘बसवून’ घेऊ नये. वस्ताद कितीही नावाजलेला असला, तरी ठिसूळ मणक्याला तो दाब सोसत नाही.

पोकासोबत ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करावी. क्षयाची औषधे कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) शासकीय रुग्णालयात मोफत मिळतात. पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.