पाणी पाजू नका

रत्नागिरीत वन्यजीव बचावाच्या कामाला नव्याने येताय, तर साप आणि कायदा आधी उरकून टाकतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, वन्य प्राणी घरी पाळायला ठेवता येत नाही. उचललात की वनविभागाला कळवायचं, १९२६ या हेल्पलाइनवर. फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, जांभ्याच्या दगडाखाली कुठेही निघतं. चार वर्षं झाली, मी अजून त्याला हात लावत नाही. आणि ज्याच्या डीपीवर गळ्यात नाग आहे, त्याला गुरू करू नका. हे मत अनेकांना झोंबतं. झोंबू दे.

आता माझी चूक. मे महिना, मिरकरवाडा बंदर. घारीच्या पंखाला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, गुंडाळलेली, चोच उघडी, धापा टाकत होती. मला वाटलं तहानली. ड्रॉपरने घशात पाणी सोडलं. ती शिंकली, नाकपुड्यांतून बुडबुडे आले, आणि खोका शोधून आणेपर्यंत तिने मान टाकली.

मला हे काम शिकवणारे सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मेलेल्या घारीची चोच उघडून जिभेच्या मुळाशी असलेलं भोक दाखवलं. ती श्वासनलिका. आपल्यासारखी तिच्यावर झडप नसते. वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात. चोच उघडी होती ती उन्हामुळे, कारण पक्ष्याला घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. शिवाय घारीला बरंचसं पाणी मांसातूनच मिळतं. म्हणून ड्रॉपर नाही, सिरिंज नाही, पिळलेला कापूस नाही, ग्लुकोज तर नाहीच. अंगावर टॉवेल टाका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण लावा, सावलीत न्या, गप्प बसा. तंगूस ओढू नका. लोंबणारी कापा, रुतलेली डॉक्टर काढतील.

घाबरलात? बरंचसं काम फोनवरच होतं. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू झाडावर ठेवायचं आणि लांब व्हायचं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते, हे खोटं आहे.

परवाच जवळच्या नाचणे गावातून एका काकूंचा फोन आला, बुलबुलाचं पिल्लू पडलं होतं. जास्वंदीवर ठेवा म्हटलं. "तोवर थोडं पाणी पाजू का?" मी असा ओरडलो की त्यांनी फोनच ठेवला. मग मीच परत लावून माफी मागितली.