नेदरलँड्समधला पहिला वसंत: तारीख ठरवू नका, सायकल तयार ठेवा

नवीन आलेले लोक मार्चमध्ये हमखास विचारतात, "ट्युलिप बघायला कुठला शनिवार घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: शनिवार घेऊच नका. इथला एप्रिल लहरी असतो. आज १८ अंश आणि स्वच्छ ऊन, उद्या गारा. त्यामुळे दिवस आधी ठरवण्यापेक्षा ऊन पडलं की निघता येईल अशी तयारी ठेवायची. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि सूर्यास्त आठच्या पुढे सरकतो. एप्रिलअखेर तर नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. ऑफिस सुटल्यावरचे हे दोन-तीन तास म्हणजेच खरा वसंत.

तयारी फार नाही. फोनवर बाउनराडार हे पावसाचं ॲप घ्या. ढग तुमच्या डोक्यावर किती वाजता येणार ते बऱ्यापैकी नेमकं कळतं. छत्री घरीच ठेवा, वारा ती उलटी करतो. वारा अडवणारं पातळ जाकीट, आत एक-दोन पातळ थर आणि हातमोजे पुरतात. सायकलवर जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर राहील अशी दिशा निवडा. दमल्यावर समोरून वारा आला की फुलंबिलं काही सुचत नाही.

आता शेतं. मी पिंपळगाव बसवंतकडचा, द्राक्षबागेत वाढलेला, त्यामुळे मला लिसेतल्या क्यॉकेनहोफ या प्रसिद्ध फुलबागेपेक्षा बाहेरचे फुलशेतीचे पट्टे जास्त आवडतात. लायडन आणि हार्लेमच्या मधल्या या भागाला बोलनस्ट्रेक म्हणतात. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे हलकी, रेताड जमीन. पाण्याचा निचरा चांगला आणि कालव्यांमुळे जमिनीतल्या पाण्याची पातळी हातात. कंदाला आणखी काय हवं? लायडनहून सायकलने फोरहाउट, नॉर्डवाइकरहाउट करत लिसेपर्यंत जा. चौकाचौकांत आकडे लिहिलेल्या पाट्या असतात, त्यांना क्नोपपुंट म्हणतात. निघण्याआधी आकड्यांचा क्रम कागदावर उतरवून घेतला की फोन बघावा लागत नाही.

फुलांचा क्रम लक्षात ठेवा: मार्चमध्ये क्रोकस, मार्चअखेरपासून डॅफोडिल आणि हायसिंथ, आणि ट्युलिप साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. हायसिंथचं शेत दिसायच्या आधी नाकाला कळतं. आणि काल लालभडक असलेला पट्टा आज नुसता हिरवा दिसला तर हळहळू नका. इथे पीक फुलाचं नाही, कंदाचं आहे. फूल उमललं की शेतकरी रोगट आणि भेसळीची झाडं हेरून उपटतो, मग यंत्राने सगळी फुलं छाटून टाकतो, म्हणजे जोर कंदात उतरतो. उन्हाळ्यात कंद काढले जातात. म्हणून फोटोसाठी सरीत शिरू नका. पायांबरोबर रोग फिरतो आणि झाडं मोडतात. आपल्या बागेत कोणी असं घुसलं असतं तर आपण काय केलं असतं?

क्यॉकेनहोफला जायचंच असेल, आणि आई-बाबा आले असतील तर जावंच, तर मधला वार घ्या आणि सकाळी उघडताच पोचा. ३२ हेक्टर, म्हणजे जवळपास ८० एकर, आणि सुमारे ७० लाख कंद. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होतं. तिकीट वेळेसकट आधी ऑनलाइन काढा. स्किपोल विमानतळ आणि लायडनहून थेट बस मिळते. आई-बाबांना तिकडच्या उन्हाळ्यातून बोलावताना कानटोपी आणि स्वेटर आणायला सांगाच. तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर घ्या, आतलं खाणं महाग आणि रांग लांब.

गर्दी टाळायची असेल तर ट्रेनने बेतुवे या फळबागांच्या भागात जा. लिंगे नदीच्या बांधावरून सायकल चालवताना दोन्ही बाजूंना सफरचंद, नाशपाती आणि चेरीचा मोहोर. कडाक्याच्या रात्री शेतकरी मोहोरावर पाणी फवारतात, त्याचं बर्फ होतं आणि तेच फुलाला गारठ्यापासून वाचवतं. निफाडकडे थंडीत बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाला हे बघून गंमतच वाटते. ॲमस्टेलव्हेनजवळच्या ॲमस्टरडॅम्से बोस या वनोद्यानात चेरीची ४०० झाडं आहेत. ती बहुतेक मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला फुलतात, आणि तिथे मराठी हमखास कानावर पडते.

२७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस (रविवार आला तर २६ ला). ॲमस्टरडॅमची झुंबड मला सोसत नाही. आपल्याच गल्लीत सकाळी लवकर फिरा. मुलं चादर पसरून जुनी खेळणी विकत असतात, लहान मुलांची सायकल स्वस्तात मिळून जाते. ४ मेला रात्री आठ वाजता युद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं देश थांबतो. त्या वेळी रस्त्यात असाल तर तुम्हीही थांबा, फोन खिशात ठेवा.

पांढरं अस्पर्गे बाजारात दिसलं की घ्या. आपल्या शतावरीच्याच कुळातलं. २४ जूनला हंगाम संपतो. साल जाड सोला, नाहीतर दोरे चावत बसाल. उकडून वर लोणी आणि अंडं. गरम मसाला नको, चव मरते.

एप्रिलमध्ये शिंका सुरू झाल्या तर ती सर्दीच असेल असं नाही, बर्च झाडाचे पराग असू शकतात. गोळ्या औषधी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. गवतात बसून आलात तर घरी अंग तपासा, गोचीड लाइम आजार देऊ शकते.

आणि गावाकडून "ट्युलिपचे कंद आण" असा निरोप येईलच. नेऊ नका. त्यांना काही महिने कडक थंडी लागते आणि विमानतळावर वनस्पती-आरोग्याचा दाखला मागतील. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथल्याच बाल्कनीत कुंडी भरा, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर.