स्लॅबआधी टेप हातात घ्या: चिरा, खडी, वाळूचा हिशोब

आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात मृगाआधी स्लॅब उरकायची सगळ्यांनाच घाई. सेंट्रिंगवाला (स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा) मिळाला तर खडी मिळत नाही, आणि त्या गडबडीत माल गवंड्याच्या अंदाजावर मागवला जातो. अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतोही. पण पैसे आपले जातात, तेव्हा टेप, कागद आणि पेन्सिल घेऊन अर्धा तास बसा.

समजा खोली २० बाय १५ फुटांची आहे. आधी ती गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का बघा. दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही बरोबर २५ फूट भरले पाहिजेत (४०० अधिक २२५ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५). इथे दोन इंच हुकले तर पुढे फरशी बसवताना कडेला पाचरी कापत बसावं लागतं.

भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर चिरा आधी स्वतः मोजा, खाणीगणिक माप बदलतं. १५ फूट लांब, १० फूट उंच भिंत १५० चौरस फूट. दार ३ बाय ७, खिडकी ४ बाय ४, असे ३७ वजा केले की उरले ११३. चिऱ्याचं दर्शनी तोंड १४ बाय ७ इंच आणि सांधा अर्धा इंच धरला तर एका चिऱ्याला १४.५ × ७.५ ÷ १४४, म्हणजे पाऊण चौरस फूट लागतो. साधारण १५० चिरे. फुटतूट धरून आठ-दहा जास्त सांगा.

आता स्लॅब. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, इंजिनिअरने दिलेली जाडी ५ इंच. घोळ होतो तो इथेच. ५ इंच म्हणजे ०.५ फूट नव्हे, ०.५ फूट म्हणजे ६ इंच. इंचाला १२ ने भागायचं: ३०० × ५ ÷ १२ = १२५ घनफूट. बीम वेगळे मोजा.

हे झालं भरलेल्या काँक्रीटचं माप. सुका माल कालवला की खडीतल्या पोकळ्यांत वाळू-सिमेंट जाऊन बसतं आणि घनफळ घटतं, म्हणून १.५४ ने गुणतात: १९२.५ घनफूट. सिमेंट, वाळू, खडी यांच्या १ : १.५ : ३ या प्रमाणाचे एकूण भाग साडेपाच, म्हणजे एक भाग ३५ घनफूट. ५० किलोचं पोतं सुमारे सव्वा घनफुटाचं, नेमकं १.२२६. तेव्हा सिमेंट २९ पोती, वाळू ५२.५ घनफूट, खडी १०५. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे वाळू अर्ध्या ब्रासच्या थोडी वर आणि खडी एक ब्रासच्या वर.

सेंट्रिंग वरखाली होऊन जाडी सरासरी अर्धा इंच वाढली तर १२.५ घनफूट काँक्रीट जादा, जवळजवळ तीन पोती सिमेंट. सळईच्या तुकड्यावर ५ इंचाची खूण करा आणि काँक्रीट ओलं असताना चार-सहा ठिकाणी खुपसून बघा. गवंडी कुरकुरतो, कुरकुरू दे.

वाळू घेताना आणखी एक गोम आहे. दमट वाळू फुगते, २० ते ३० टक्क्यांपर्यंतही. सरळ भिंतीच्या काचेच्या ग्लासात ती सैल भरा, उंचीची खूण करा, मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. वाळू जेवढी खाली उतरली तेवढी फूग. घनफुटावर पैसे देताना ती वजा धरा.

आणि ट्रॉली आतून मोजा. गेल्या वर्षी माझ्याकडे खडीची ट्रॉली आली.
“ब्रासच हाय की हो मामा,” ड्रायव्हर म्हणाला.
लांबी साडेनऊ, रुंदी साडेपाच, खडी सपाट करून उंची पावणेदोन फूट. कॅल्क्युलेटरवर ९१ घनफूट आले. मी काही न बोलता स्क्रीन त्याच्यापुढे धरली. दुसऱ्या खेपेला तो कडेला फळी चढवून आला.