मुंबई ते चिपी विमानाने किती लांब? अंतर आणि वेळ घरबसल्या काढायची सोपी रीत

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न, मुंबईहून चिपीला, म्हणजे मालवणजवळच्या सिंधुदुर्ग विमानतळाला, विमानाने किती वेळ लागतो रे. आणि मग कोण हायवेचे पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर धरून हिशोब करतो, कोण तिकिटावरची वेळ सांगतो, दोन्ही अर्धवट.

विमान सरळ जातं, त्याला कशेडी घाट नाही की पनवेलचं ट्रॅफिक नाही, म्हणून रस्त्याचं अंतर आधी विसरा. गुगल मॅपवर दोन्ही विमानतळांमध्ये सरळ अंतर मोजता येतं, पण हाताने काढायलाही अवघड नाही. मुंबई विमानतळ अक्षांश १९.०९, रेखांश ७२.८७. चिपी १६.०० आणि ७३.५३. अक्षांशातला फरक ३.०९, अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमी, म्हणून त्याला १११ ने गुणा, झाले ३४३ किमी. रेखांशातला फरक ०.६६, पण आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश साधारण १०६ किमीच भरतो, म्हणजे ७० किमी. आता शाळेतला पायथागोरस काढा, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर ३५० किमी. हजार किमीच्या वर मात्र पृथ्वीची गोलाई मधे येते, तिथे ऑनलाइन कॅल्क्युलेटरच बरा.

आता वेळ. पंख्याचं एटीआर विमान ताशी साधारण ५०० किमी, मोठं जेट ८०० च्या आसपास. अंतर भागिले वेग, आणि वर अर्धा तास टाका, कारण तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यात मुंबईच्या रनवेची लाईन पण आली. म्हणजे एटीआरने चिपी: ४२ मिनिटं अधिक ३०, सव्वा तास धरा. पावसाळ्यात खाली ढग बसले तर विमान वर घिरट्या घालत राहतं, तो वेळ कुठल्याच हिशोबात नाही. आणि चिपीला तुमच्या शहरातून फ्लाईट सध्या चालू आहे का ते आधी बघा, इथे चालू-बंद होत असतं.

नसेल तर गोवा. तिथे विमानतळ दोन, दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीपासून मोपा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना मोपाच बरा, तिकिटावर त्याचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. आमच्या भावोजींनी स्वस्त दिसलं म्हणून जीओआय घेतलं, आणि मी गाडी घेऊन मोपाला उभा!! पुढचं सांगत नाही.

आखातातून येणाऱ्यांचा घोळ वेगळाच असतो. समजा मुंबईहून सकाळी १० ला निघालं आणि दुबईला ११.४५ ला पोचलं, तर पावणेदोन तास वाटतात, पण दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून खरे सव्वातीन. परत येताना तेच विमान बऱ्याचदा पावणेतीन तासात येतं, कारण वरती वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, थंडीत तर जास्तच.

आणि आईला वेळ सांगताना विमानाची नको, दारापासून दारापर्यंतची सांगा. बोरिवलीहून निघणं, दोन तास आधी पोचणं, सव्वा तास विमानात, बॅग, मग रिक्षा नाहीतर कोणाची तरी गाडी, मालवणात पोचेपर्यंत पाच तास सहज जातात, नाहीतर ती बिचारी दुपारीच घावणे घालून वाट बघत बसते.