महाविद्यालयाचे अंदाजपत्रक आणि निर्णय : या चुका टाळा

फेब्रुवारी महिन्यात मुंबईतल्या महाविद्यालयांच्या लेखा विभागांत पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकाची लगबग सुरू होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अंदाजपत्रक तयार करून ते व्यवस्थापनाकडे मंजुरीसाठी शिफारशीसह पाठवण्याचे काम महाविद्यालय विकास समितीचे आहे. बहुतेक ठिकाणी कागद वेळेवर तयार होतो आणि सभेत मंजूरही होतो. परंतु नवी तुकडी सुरू करायची का, संगणक प्रयोगशाळा यंदा उभारायची की पुढच्या वर्षी, कमी विद्यार्थ्यांचा विषय चालू ठेवायचा का, असे प्रश्न समोर आले की तेच मंजूर अंदाजपत्रक कोणी उघडून पाहत नाही. लेखा विभागात काम करताना ज्या चुका मी पाहिल्या, आणि काही स्वतः केल्या, त्यांच्या मुळाशी हेच आहे की आकडे मांडण्याआधी आपल्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे ठरवलेले नसते.

गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के

सर्वांत जुनी सवय म्हणजे गेल्या वर्षीच्या प्रत्येक शीर्षाखालील, म्हणजे वीज, मानधन अशा प्रत्येक खर्चाच्या बाबीखालील, रकमेत सरसकट दहा टक्के वाढ धरणे. यात गेल्या वर्षीची उधळपट्टी आणि गेल्या वर्षीची उपासमार, दोन्ही जशाच्या तशा पुढे जातात. ज्या ग्रंथालयाला तीन वर्षे नियतकालिकांसाठी पैसे मिळाले नाहीत, त्याची मागणी चौथ्या वर्षीही किरकोळच दिसते. सगळी शीर्षे दरवर्षी शून्यापासून तपासणे कोणत्याही कार्यालयाला शक्य नाही, पण दरवर्षी चार-पाच मोठी शीर्षे निवडून ती खर्चाच्या कारणापर्यंत उलगडता येतात. विजेच्या खर्चात किती युनिट आणि कोणता दर, तासिका तत्त्वावरील मानधनात किती तासिका आणि प्रति तासिका किती रुपये, असे विचारले की पुढच्या वर्षाचा अंदाज आपोआप अधिक खरा होतो.

जुलै महिन्यातील शिल्लक

ही चूक मी जवळून पाहिली आहे आणि तिची किंमत कोणी मोजली हेही पाहिले आहे. पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात जुलैच्या अखेरीस बँकेत १ कोटी ६२ लाख रुपये शिल्लक होते. प्रवेश पूर्ण झाले होते, वर्षाचे शुल्क जमा झाले होते, आणि सभागृह वातानुकूलित करण्याचा ३८ लाखांचा प्रस्ताव त्याच आठवड्यात मंजूर झाला. शिलकेचा आकडा मीच सभेपुढे ठेवला होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु त्यातले ३१ लाख रुपये परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क आणि तत्सम रकमांचे होते, जे महाविद्यालय केवळ गोळा करते आणि विद्यापीठाला देते. आणखी १४ लाख विद्यार्थ्यांची अनामत होती, म्हणजे परत करायचे देणे. उरलेल्या १ कोटी १७ लाखांतून विनाअनुदानित विभागाचे दरमहा १० लाखांचे पगार ऑगस्टपासून मेपर्यंत दहा महिने भागवायचे होते. त्यानंतर वीज, दुरुस्ती, मालमत्ता कर आणि इतर सर्व खर्चांसाठी १७ लाख उरत होते. जानेवारीत पैसे संपत आले, मुदतठेव मोडण्याची परवानगी मिळायला वेळ लागला, आणि त्या काळात तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे दोन महिन्यांचे मानधन थकले. विरारहून आणि कल्याणहून लोकलने येऊन दिवसाला तीन-चार तास शिकवणाऱ्या माणसांच्या खिशातून सभागृहाची हवा थंड झाली, ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही.

यावर उपाय साधा आहे. बँकेतील शिल्लक सभेपुढे ठेवताना तिचे तीन भाग करावेत : दुसऱ्याचे पैसे, पुढच्या जूनपर्यंतच्या बांधील खर्चाचे पैसे, आणि खरोखर मोकळे पैसे. त्याच्या शेजारी महिनावार रोख प्रवाहाचा तक्ता असावा. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि शैक्षणिक वर्ष जूनच्या आसपास सुरू होते, त्यामुळे एप्रिल-मे हे दोन महिने मागच्या वर्षी घेतलेल्या शुल्कावर काढावे लागतात. मार्चअखेरचा ताळेबंद पाहताना ही बाब हमखास नजरेतून सुटते.

शिष्यवृत्तीची येणे रक्कमही याच तक्त्यात वेगळी दाखवावी. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळामार्फत मिळणारी शुल्क प्रतिपूर्ती ही महाविद्यालयाची हक्काची रक्कम असली, तरी ती प्रवेशाच्या वेळी हातात येत नाही, आणि पात्र विद्यार्थ्याकडून तोवर पूर्ण शुल्काची मागणी करणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. गेल्या तीन वर्षांत ही रक्कम प्रत्यक्षात कोणत्या महिन्यात जमा झाली ते बँकेच्या नोंदींवरून काढावे आणि त्यातला सर्वांत उशिराचा महिना धरावा.

पूर्ण भरलेल्या जागा

नव्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावात मंजूर प्रवेशक्षमता हीच विद्यार्थिसंख्या धरली जाते. एक उदाहरण घेऊ. समजा, विनाअनुदानित तत्त्वावर ६० जागांची एक विज्ञान पदवी सुरू करायची आहे आणि वार्षिक शुल्क ४५,००० रुपये आहे. प्रस्तावात पहिल्या वर्षी २७ लाख, दुसऱ्या वर्षी ५४ लाख आणि तिसऱ्या वर्षी ८१ लाख उत्पन्न दिसते. आता दरवर्षी ४२ प्रवेश होतात, त्यांतले ३६ दुसऱ्या वर्षाला पोहोचतात आणि ३३ तिसऱ्या, असे धरू. तिसऱ्या वर्षी एकूण विद्यार्थी १११ होतात आणि उत्पन्न ४९ लाख ९५ हजार, म्हणजे प्रस्तावापेक्षा ३१ लाखांनी कमी.

खर्च मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. वर्गात ६० विद्यार्थी असोत की ४२, शिक्षक तोच लागतो, वर्गखोली तीच लागते आणि प्रयोगशाळा सहायकही तोच. समजा, तिन्ही वर्षे सुरू झाल्यावर असा स्थिर खर्च वर्षाला ४२ लाख आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे वाढणारा खर्च ४,००० रुपये आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे स्थिर खर्च भागवायला ४१,००० रुपये उरतात, म्हणून खर्च निघण्यासाठी किमान १०३ विद्यार्थी हवेत. १११ विद्यार्थ्यांवर वर्षाला साडेतीन लाखांचे अधिक्य दिसते आणि समिती समाधानी होते. परंतु प्रयोगशाळेवर सुरुवातीला ३० लाख खर्च झाले असतील आणि संगणक पाच वर्षांनी बदलावे लागणार असतील, तर त्यासाठी दरवर्षी ६ लाख बाजूला ठेवावे लागतात. मग आवश्यक विद्यार्थिसंख्या ११८ होते आणि अधिक्य अडीच लाखांच्या तुटीत बदलते.

याचा अर्थ तो अभ्यासक्रम सुरू करूच नये असा नाही. परिसरातील मुलांना त्याची गरज असेल, तर संस्थेने दरवर्षी अडीच लाख त्यात घालावेत, हाही योग्य निर्णय ठरू शकतो; तो जाणीवपूर्वक घ्यावा आणि इतिवृत्तात तसा नोंदवावा, एवढेच. प्रस्तावासोबत भरलेल्या जागांचा नव्हे, तर ‘किती विद्यार्थ्यांखाली आपण थांबायचे’ याचा आकडा मागितला पाहिजे.

हीच काळजी पदवीच्या चौथ्या वर्षाबाबत घ्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षाला आलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचेल, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा विद्यार्थ्यांना आहे. तिसऱ्या वर्षाची सगळी पटसंख्या पुढच्या वर्षात उचलून ठेवणे धोक्याचे आहे. आताच्या द्वितीय व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष विचारून घेतलेला अंदाज कितीतरी बरा.

सरासरी खर्चावरून विभाग ‘तोट्यात’ ठरवणे

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी चूक ही आहे. तृतीय वर्षाला चौदा विद्यार्थी असलेला मराठीचा विभाग घ्या. इमारतीची देखभाल, कार्यालयाचे पगार, ग्रंथालय, वीज या सगळ्या खर्चाचा वाटा आणि प्राध्यापकांचे वेतन त्या विभागाच्या नावावर टाकले की वर्षाला काही लाखांचा तोटा कागदावर उमटतो, आणि विषय बंद करण्याची सूचना येते. इथे प्रश्न एकच विचारायचा : विभाग बंद केला तर यातला कोणता खर्च प्रत्यक्षात थांबेल? अनुदानित पदावरील प्राध्यापकाचे वेतन शासनाच्या वेतन अनुदानातून होते. ते वाचले तरी महाविद्यालयाच्या तिजोरीत येत नाही. इमारत तेवढीच राहते, कार्यालय तेवढेच राहते. थांबतो तो फक्त काही तासिकांच्या मानधनाचा आणि थोड्या पुस्तकांचा खर्च, आणि त्याबरोबर जाते त्या विद्यार्थ्यांचे शुल्क. सामायिक खर्चाची वाटणी शुल्क ठरवताना किंवा दीर्घ मुदतीचे नियोजन करताना आवश्यक असते. विभाग ठेवायचा की नाही हे तिच्यावरून ठरवू नये. गिरगाव-दादरपासून ठाण्यापर्यंत ज्या महाविद्यालयांत भाषांचे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या भरत आले, ते चुकीच्या वाटणीमुळे बंद पडावेत, याला हिशेबाचाही आधार नाही.

आठवणीतून निसटणारे खर्च

सुरक्षा आणि साफसफाईच्या कंत्राटाचे दरपत्रक बहुधा वस्तू व सेवा कराशिवाय असते. विद्यार्थ्यांना दिलेल्या शिक्षण सेवेवर हा कर नाही, त्यामुळे तो आपल्याला कुठेच लागू नाही असा समज होतो. मात्र अशा सेवांवरची सूट उच्च माध्यमिक स्तरापर्यंतच्या शाळांना आहे, पदवी महाविद्यालयाला नाही. दरमहा अडीच लाखांचे कंत्राट असेल तर वर्षाच्या ३० लाखांवर १८ टक्के दराने ५ लाख ४० हजार रुपये आणखी द्यावे लागतात, आणि भरलेल्या या कराची वजावटही मिळत नाही, कारण महाविद्यालयाच्या शिक्षण सेवेवर कर नाही.

ग्रॅच्युइटीचे, म्हणजे निवृत्तीच्या वेळी सेवेच्या वर्षांनुसार द्यायच्या एकरकमी रकमेचे, प्रकरण याहून गंभीर आहे. ग्रॅच्युइटी कायद्यातील २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून ग्रॅच्युइटी लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी सन २००० च्या आगेमागे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम सुरू केले. तेव्हा एकदम नेमलेले शिक्षक निवृत्तही जवळपास एकदमच होणार आहेत. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ६०,००० रुपये आणि सेवा २६ वर्षे असेल, तर दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे, महिन्याचे २६ दिवस धरून, ९ लाख रुपये होतात. असे चार शिक्षक दोन वर्षांत निवृत्त झाले की ३६ लाख लागतात. सेवापुस्तकांवरून पुढच्या दहा वर्षांच्या निवृत्तींची यादी करणे हे एका दुपारचे काम आहे, आणि त्या यादीनुसार दरवर्षी निधी बाजूला टाकला तर विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अचानक बोजा येत नाही.

मार्चमधील घाईची खरेदी

धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थांना करसवलतीसाठी उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. तो भरून काढण्यासाठी मार्चमध्ये नको असलेले फर्निचर येते. वास्तविक ठराविक उद्दिष्ट नमूद करून, विहित नमुना मुदतीत भरून, ५ वर्षांपर्यंत निधी साठवण्याची सोय कायद्यात आहे. प्रयोगशाळेसाठी किंवा गच्चीच्या जलरोधक कामासाठी लागणारा पैसा असाच साठवावा, आणि सनदी लेखापालांशी याबाबत डिसेंबरमध्येच बोलून घ्यावे.

आकडा चुकला तर कुठे पाहावे

अधिनियमानुसार महाविद्यालय विकास समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. त्यांतली एक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, प्रवेश स्थिरावल्यावर, केवळ सुधारित अंदाजासाठी ठेवावी, कारण मूळ अंदाजपत्रक बारावीचा निकाल लागण्याआधीच मंजूर झालेले असते.

तफावत दिसली की लगेच काटकसरीचे परिपत्रक काढू नये. आधी ती फोडून पाहावी. समजा, ऑक्टोबरपर्यंत विजेवर ९ लाख अपेक्षित होते आणि ११ लाख खर्च झाले. दर युनिटमागे किती वाढला आणि युनिट किती वाढले, हे बिलांवरून वेगळे करावे. दर वाढला असेल तर वर्गातले पंखे बंद करण्याची सूचना काढून उपयोग नाही, तरतूदच वाढवावी लागेल. युनिट वाढले असतील तर कोणत्या मीटरवर वाढले ते पाहावे. नवी सायंकालीन तुकडी सुरू झाल्याने प्रयोगशाळेचे मीटर वाढले असेल, तर तो खर्च त्या तुकडीच्या हिशेबात घालावा आणि किमान विद्यार्थिसंख्येचा आकडा पुन्हा काढावा. कोणतेच कारण सापडत नसेल, तर एखाद्या रविवारी, महाविद्यालय बंद असताना, सकाळी आणि संध्याकाळी मीटरची नोंद घ्यावी. बंद इमारतीत किती युनिट जातात ते कळले की दोष पाण्याच्या पंपात आहे की रात्रंदिवस चालू राहणाऱ्या एखाद्या यंत्रात, ते शोधणे सोपे जाते.