परमुलखातल्या देवांना घरी बोलावताना: या चुका टाळा

घरात हेकाटी या ग्रीक देवीचा दिवा लावावासा वाटला, किंवा १ फेब्रुवारीला आयर्लंडच्या ब्रिगिड देवीच्या नावाने दूध-भाकरी बाजूला काढावीशी वाटली, तर त्यात अवघड काही नाही. कोकणातल्या माणसाला आवाहन नवं नाही. अडतं ते सवयीमुळे. हात आपोआप षोडशोपचारांकडे जातात. ग्रीक देवीला हळदकुंकू, उत्तर युरोपच्या थॉरला नारळ, इजिप्तच्या सेखमेटला निरांजन आणि शेवटी सगळ्यांना प्रसाद. देव रागावतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण विधी त्या देवाचा राहत नाही, नाव तेवढं त्याचं उरतं.

हाक अर्धीच मारणं

गावच्या देवळात गाऱ्हाणं कसं घालतात ते आठवा. आधी देवाचं नाव, मग त्याचं स्थळ, सीमेवरचे राखणदार, बारा गावचे, बारा वहिवाटीचे. मग समोर कोण उभा आहे, त्याने आजवर काय सेवा केली, आणि सगळ्यात शेवटी मागणं. प्रत्येक वाक्याला मागून ‘होय म्हाराजा’. प्राचीन ग्रीक प्रार्थनेचा सांगाडा जवळपास हाच आहे: विशेषणांसह नाव, मग ‘मी तुला हे हे दिलं आहे’ अशी आठवण, मग मागणी. नवशिके पहिला आणि तिसरा भाग म्हणतात, मधला गाळतात. त्यामुळे बोलणं अनोळखी माणसाकडे उसने पैसे मागितल्यासारखं होतं.

विशेषण कामाप्रमाणे निवडायचं. हेकाटी ‘एनोडिया’ असते तेव्हा ती वाटांची, ‘फॉस्फोरोस’ असते तेव्हा उजेड धरणारी, ‘कुरोट्रोफोस’ असते तेव्हा लेकरं वाढवणारी. रात्रीच्या प्रवासासाठी गाऱ्हाणं असेल तर असं म्हणता येईल: ‘वाटेवरच्या हेकाटी, मशाल धरणाऱ्या, मागच्या अमावास्येला तुझं पान मी बेड्याबाहेर ठेवलं. उद्या पहाटे घाट उतरायचा आहे. वाटेवर उजेड धर.’ (पान म्हणजे अमावास्येला तिच्यासाठी बाहेर ठेवायचं जेवण, बेडं म्हणजे कुंपणाचं दार.) एवढं पुरे, आणि हे मराठीतच म्हणावं. रोमन मंडळी नाव चुकायची भीती म्हणून ‘किंवा ज्या नावाने हाक मारलेली तुला आवडेल त्या नावाने’ अशी पुस्ती जोडत. आपल्या ‘चुकलंमाकलं पदरात घे’ची ही सख्खी बहीण.

पाटावर मांडी घालून, डोळे मिटून, हात जोडणं ही आपली रीत. ग्रीक उभं राहून प्रार्थना करत. आकाशातल्या देवांसाठी तळवे वर, समुद्राच्या देवांसाठी हात समुद्राकडे, पाताळातल्यांसाठी तळवे जमिनीकडे. रोमन देवी जूनो आणि ग्रीक देवी हेरा एकच समजून घोटाळा होतो तो इथेच. रोमन रीतीत यजमान डोक्यावरून वस्त्र घेतो, ग्रीक रीतीत डोकं उघडं असतं, फार तर पानांचा मुकुट. म्हणजे जूनोसमोर डोक्यावर उपरणं किंवा पदर, हेरासमोर नाही.

पहिला मान कोणाचा, यावरूनही चुकतं. ग्रीकांत हेस्टिया, म्हणजे चुलीची देवी, पहिली आणि शेवटची. रोमनांत पहिला जानुस, म्हणजे दारांचा देव, शेवटी वेस्टा, म्हणजे त्यांची चुलीची देवी. घरात गणपतीचं नाव घेतल्याशिवाय काही सुरू होत नसेल, तर त्याची पूजा सकाळी नेहमीसारखी वेगळी उरकावी. एकाच ताम्हणात दोन घरचे मानपान सांभाळायला जाऊ नये.

प्रसाद समजून खाणं

इजिप्तच्या देवळांत देवापुढे ठेवलेलं अन्न नंतर माणसंच खात. तिथे आपली प्रसादाची सवय तंतोतंत जुळते. ग्रीकांच्या आकाशस्थ देवांच्या यज्ञातही मांसाचा मोठा वाटा जमलेलेच खात. आजच्या आसात्रू मंडळींमध्ये (थॉरसारख्या जुन्या देवांना मानणारा पंथ, आइसलंडने त्याला १९७३ साली मान्यता दिली) पेयाचं शिंग फिरतं, प्रत्येक जण घोट घेतो, उरलेलं जमिनीवर ओततात. पण मृतांसाठी आणि पाताळातल्या देवतांसाठी जे ओतलं ते ओतलं. हेकाटीचं अमावास्येचं पानही घरच्यांनी खायचं नाही. अथेन्समध्ये ते गरीब लोक उचलून नेत, आणि त्यावर तिथल्या नाटकांत विनोदही आहेत.

मृतांसाठी ओतायला दूध आणि मध. जुनं ठराविक माप नाही, वाटीभर दुधाला चमचाभर मध पुरतो. हे तुळशीत ओतू नका. ती दुसऱ्या घरची आहे, आणि मधाने मुंग्या येतात त्या वेगळ्याच. आगरात एखाद्या झाडापासून दोन हात लांब वीतभर खड्डा करा, त्यात ओता आणि माती लोटा. द्राक्षाची वाइन वापरणार असाल तर ग्रीक ती पाणी मिसळून घेत, एका भागाला दोन-तीन भाग पाणी. कोकम सरबताचा रंग तसाच दिसतो म्हणून ते वाइनच्या जागी चालवू नये. त्यापेक्षा साधं पाणी बरं, पाण्याचं अर्घ्य त्या परंपरेतही होतं.

डीमीटर ही ग्रीकांची धान्याची देवी. तिच्या स्तोत्रात ती वाइन नाकारते आणि जव, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती यांचं पेय मागते. ती वनस्पती म्हणजे पेनीरॉयल. ऑनलाइन तिचं तेल मिळतं. ते पोटात घेऊ नका, यकृताला घातक आहे. घरचा पुदिना घ्या. आणि डीमीटरचा वर्षक्रम कोकणावर जसाच्या तसा बसत नाही. ग्रीसमध्ये पेरणी पावसाच्या तोंडावर शरदात, कापणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला. आपल्याकडे भात जूनमध्ये पेरतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापतात. ‘डीमीटरची लेक पर्सेफोनी पाताळात गेली’ म्हणून नोव्हेंबरात शोक करायचा आणि बाहेर खळ्यात झोडणी चाललेली, हे विचित्र दिसतं. विधी आपल्या शेतावरून ठरवा.

अमावास्या कुठली?

इथे मराठी माणसाची सोय आहे. अथेन्सचा महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपत असे. शेवटच्या दिवशी हेकाटीचं पान, चंद्रकोर दिसली की नवा महिना. उत्तरेकडचं पौर्णिमान्त पंचांग दाखवणारं अ‍ॅप वापरलं की महिन्याचं नाव चुकतं, तिथी नाही. खरा घोटाळा दिवसाचा आहे: आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्यास्ताला. पावसाळ्यात कोर दिसेल या आशेवर थांबू नका, पंचांगात ‘चंद्रदर्शन’ लिहिलेलं असतं ते धरा.

हे पान तिठ्यावर ठेवायचं असं वाचून कोणी खरंच तिठ्यावर ठेवायला जातं. अंडी, लसूण, मासा, छोट्या भाकऱ्या, अमावास्येची संध्याकाळ आणि कोकणातला तिठा! सकाळी वाडीत उताऱ्याची चर्चा, दुपारी भांडण. अथेन्समध्ये घराच्या दारासमोरही हेकाटीचं ठाणं असे, त्यामुळे आपल्या बेड्याबाहेर, आपल्याच हद्दीत, केळीच्या पानावर ठेवलं तरी विधीत काही कमी होत नाही. ठेवा, मागे न बघता परत या, पाय धुवा. सकाळी पान उचलून खतात टाका. प्लास्टिकची डिश नको.

समुद्रावर जाण्याआधी भरती न बघणं

समुद्राचा ग्रीक देव पोसायडन याला अर्घ्य द्यायला पौर्णिमेची संध्याकाळ निवडतात आणि पोचल्यावर बघतात तर पाणी लांब गेलेलं, समोर नुसता चिखल. हे दर पौर्णिमेला होणारच. जुना हिशोब साधा आहे: तिथीच्या पाऊणपट जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, म्हणून संध्याकाळी सहाला ओहोटी. हा ठोकताळा मुंबई-अलिबागकडचा, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. संध्याकाळीच जायचं असेल तर सप्तमी-अष्टमी बघा. तेव्हा भांग असतो, पाणी उधाणाच्या दिवसांइतकं चढत नाही. शेवाळलेल्या कातळावर उभं राहू नका. जून ते ऑगस्ट समुद्रावर जाऊच नका, खळ्यात विहिरीचं पाणी ओतून समुद्राकडे हात करा.

नारळी पौर्णिमेचा नारळ मात्र दर्याचा आहे, तो पोसायडनच्या खात्यात मांडू नये. तसा पोसायडनही या बाजूला अगदी परका नाही: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात त्याची छोटी कांस्यमूर्ती निघाली, आणि पहिल्या शतकात चौल, सोपारा, कल्याण ही बंदरं पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांना नावानिशी ठाऊक होती.

झ्यूसच्या बरणीला बुरशी

घरासाठी सगळ्यात सोपा ग्रीक विधी म्हणजे झ्यूस क्टेसिओसची बरणी. झ्यूस हा ग्रीकांचा देवराज, आणि क्टेसिओस म्हणजे कोठीचा, साठ्याचा. झाकणाची, दोन कानांची नवी बरणी, तिला पांढरी लोकर गुंडाळायची, आत स्वच्छ पाणी, ऑलिव्ह तेल आणि तऱ्हेतऱ्हेची धान्यं-फळं. ग्रीसच्या कोरड्या हवेत ती टिकत असेल. कोकणात जुलैमध्ये चार दिवसांत पांढरी साय धरते, वास सुटतो, झाकण सैल असेल तर डासांच्या अळ्या होतात. अर्धा लिटर पाणी, चमचाभर तेल, चिमूट चिमूट धान्य यापेक्षा जास्त घालू नका. ताजी फळं टाळा, सुकी चालतील. उन्हाळ्यात-हिवाळ्यात चंद्रदर्शनाला बदला, पावसाळ्यात दर आठवड्याला. लोकर ओली राहिली की तिलाच आधी बुरशी येते, म्हणून ती बरणीच्या कानांनाच बांधा, तळाशी नको. वर आंब्याची पानं आणि नारळ ठेवण्याचा मोह आवरा, नाहीतर कलश होतो.

धूप पेटत नाही

चटकन पेटणाऱ्या कोळशाच्या गोल वड्या दमट हवा शोषतात आणि ऑगस्टमध्ये नुसत्या चरचरतात. हवाबंद डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवा. त्यापेक्षा करवंटीचे निखारे उत्तम. धुपाटण्यात आधी बोटभर राख, वर निखारा, त्याच्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, मग पाव चमचा धूप. लाल निखाऱ्यावर लगेच टाकलं की सुवास येत नाही, जळका धूर येतो. ग्रीक-रोमन विधींसाठी साळईचा डिंक घ्या, तो त्यांच्या धुपाच्याच कुळातला आहे. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून निखारा पेटता ठेवू नका. विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो.

निरोप

ग्रीक विधीत प्राणप्रतिष्ठा नाही, त्यामुळे विसर्जनही नाही. शेवटचं अर्घ्य हेस्टियाला दिलं की संपलं, ‘पुनरागमनाय च’ म्हणायची गरज नाही. इजिप्तच्या रीतीत मात्र निघताना पुजारी स्वतःच्या पावलांच्या खुणा झाडून काढत मागे सरकतो. हा विधी संध्याकाळी केला तर घरात वाद ठरलेला, कारण दिवेलागणीनंतर केरसुणी फिरवायची नाही. सकाळी करा, तिकडचा रोजचा मुख्य विधीही पहाटेचाच होता. झाडू वेगळा ठेवा.

काहींना बोलावू नये. जपानमध्ये आपला गणपती ‘कांगितेन’ म्हणून पूजला जातो, पण त्याची मूर्ती बहुधा झाकलेली असते आणि विधी दीक्षा घेतलेले पुरोहितच करतात. ‘आपलाच तर आहे’ म्हणून तो विधी घरी करून बघू नये. हैतीच्या व्होडू पंथातही पुरोहितांचे विधी दीक्षेशिवाय करू नयेत.

आणि मध्येच दिवा विझला, शब्द चुकला, मांजराने दूध सांडलं तर? रोमन लोकांचा नियम सोपा होता: चुकलं की पहिल्यापासून. अपशकुन शोधत बसू नका. निखारा पेटता नसेल तर खिडकीचं दार लावा, समईत वात थोडी पुढे ओढा, हात धुवा आणि पुन्हा जानुसपासून सुरू करा.