लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, खानापूरचे अनेक पेशंट ट्रान्सप्लांटसाठी बेंगळुरू, पुणे, मुंबई गाठतात. घरी परतल्यावर रक्त बेळगावात देतात आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांना जातो. फोटोत आकडा दिसतो, पण टॅक्रोलिमसचा, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारू नये (रिजेक्शन) म्हणून घ्यायच्या औषधाचा, आदला डोस किती वाजता घेतला ते दिसत नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

सीआरपी (शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढला की इन्फेक्शनच, असं धरणं. नव्या लिव्हरमध्ये रक्त पुन्हा वाहू लागताच त्यातल्या कुप्फर पेशी (लिव्हरमधल्या संरक्षक पेशी) चवताळतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ हे संदेश सोडतात. आयएल-६ च्या सांगण्यावरून लिव्हर सीआरपी बनवतं. त्यामुळे ऑपरेशननंतर २-३ दिवस तो चढलेलाच असतो, इन्फेक्शन पाहायला मोजलं जाणारं प्रोकॅल्सिटोनिनही चढतं. पाहायचं ते उतरू लागलेला आकडा परत वर वळतो का.

याच्या उलटी चूक जास्त घातक. सीआरपी बनतो लिव्हरमध्येच. लिव्हर दमलेलं असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर गंभीर इन्फेक्शनमध्येही तो कमी येऊ शकतो. आणि शरीर नवं लिव्हर नाकारतंय का, हे सीआरपी सांगत नाही. ते कळायला एएलटी, जीजीटी, बिलिरुबिन या लिव्हरच्या रक्ततपासण्यांचा कल आणि गरज पडल्यास बायॉप्सी (लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागते.

टॅक्रोलिमसची गोळी घेऊन लेव्हल (रक्तातलं औषधाचं प्रमाण) तपासायला रक्त द्यायला जाणं. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची हल्ला करणारी पेशी, कॅल्सिन्युरिन या एन्झाइमच्या वाटेने आयएल-२ हा संदेश बनवते आणि हल्ल्याची फौज वाढवते. टॅक्रोलिमस ही वाट अडवतं. गोळी १२ तासांनी असेल तर रक्त आदल्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. गोळी आधी घेतली तर लेव्हल खोटी वर दिसते, त्यावरून डोस घटवला जातो आणि रिजेक्शनला दार उघडतं. लॅब १० वाजता उघडत असेल तर आदल्या रात्रीची गोळी कधी घ्यायची ते ट्रान्सप्लांट टीमकडून आधीच ठरवून घ्या. सकाळची गोळी सोबत न्या. नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, पूर्ण रक्ताचा हवा. हे औषध तांबड्या पेशींत बसतं, सीरममध्ये (पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्यात) मोजून उपयोग नाही.

लेव्हल अचानक बदलली तर आधी डोसवर संशय घेऊ नका. फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध), क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), डिल्टियाझेम (बीपीचं औषध), पपनस आणि जुलाबसुद्धा लेव्हल वाढवतात. रिफॅम्पिसिन (टीबीचं औषध), फेनिटॉइन (फिटचं औषध) ती पाडतात. कॅप्सूलचा ब्रँड बदलला का तेही पाहा; दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची कॅप्सूल परस्पर अदलाबदल करायची नसते.

गावाकडे प्रेमाने दिलं जाणारं बरंच काही इथे उलटतं. गुळवेलीचा काढा नको: तो प्रतिकारशक्तीला चेतवतो, आणि त्यातून लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई नको, टॅक्रोलिमससोबत किडनी बसते. पोटॅशियम वाढलेलं असताना शहाळं नको.

रिपोर्टसोबत इतकं लिहून पाठवा: «रात्रीचा डोस ८.००, रक्त सकाळी ८.००, सकाळची गोळी रक्तानंतर, नवं औषध नाही, जुलाब नाहीत.» ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर मात्र रिपोर्टची वाट पाहू नका, त्याच दिवशी टीमला फोन करा.